यजमान सांगतात

आंबेवाडी, ता. रत्नागिरी
१४ मे २००२

चि. मनस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मामी वाचली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. पण वाचली ती दैव बलवत्तर म्हणून. त्या शिंच्या डॉक्टरने तिला पोचवायची पुरती तयारी केली होती.

घरात फोन आहे, तरी पत्र लिहितोय. फोनवर बोललेलं हवेत जातं. चौतीस वर्षं कोर्टात काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, मला सगळं कागदावर लागतं.

तर हकिकत अशी. ३ मे रोजी आमच्या दीपकची सासरची मंडळी आली होती. मुंबईहून अकरा माणसं. जेवणं झाली, आम्ही पडवीत लवंडलो. चारच्या सुमारास मागल्या दारी भांडी घासणारी जनी ओरडली, 'वयनीनी उलटी केलीन!' ही न्हाणीघरात भिंतीला टेकून बसलेली, अंगाला दरदरून घाम. रिक्षात घालून रत्नागिरीला एका खाजगी हॉस्पिटलात नेली. नाव इथे लिहीत नाही, तक्रारीत लिहीनच. ड्यूटीवर डॉ. शार्दूल निंबाळकर म्हणून घाटावरचा एक पोरगा. मिशी अजून नीट फुटली नसेल. त्याने नाडी धरली, पोट दाबलं आणि निदान केलं, 'उन्हाळा लागलाय, पित्त वाढलंय.' दोन दिवस सलाइन लावून ५ तारखेला घरी पाठवली.

६ तारखेला सकाळी चुलीपुढे कोसळली. ओठ पांढरे फटक. दुसऱ्या हॉस्पिटलात नेली, तिथे घशातून नळी घालून पाहिलं. पोटात अल्सर फुटलेला आणि तीन दिवस आतल्या आत रक्त जात होतं! हिमोग्लोबिन चार. पाच बाटल्या रक्त चढवलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी अर्ध्या दिवसाने आणली असतीत तर हात टेकले असते.

आता तू पुण्यात मेडिकल कॉलेजात शिकवतेस. तुझं लेखी मत पाहिजे, की हा हलगर्जीपणा आहे. मी ग्राहक मंचात जाणार. पैसा नको मला त्यांचा. त्या पोराच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घ्यायचाय.

तुझा,
परशुराममामा


पुणे
२२ मे २००२

ती. मामांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. हिमोग्लोबिन चार असताना मामी चुलीपर्यंत चालत गेली कशी, याचंच मला नवल वाटतंय. आणि संतापही आला, तुमच्याइतकाच. परीक्षा चालू नसत्या तर रात्रीच्या गाडीत बसले असते.

मामा, हे मी दर आठवड्याला बघते. डॉक्टरांना अक्कल नसते असं नाही. पेशंट खाटेवर टेकायच्या आधीच त्यांच्या डोक्यात आजाराचं नाव पक्कं होतं, आणि एकदा ते झालं की दुसरं काही असेल का, हे कोणी विचारत नाही. मे महिना, बाई घामाघूम, उलटी झालेली. 'उन्हाळा लागला' म्हणून टाकलं की सुटलो. साधं रक्त तपासलं असतं तरी कळलं असतं. मुलांना मी घसा फोडून सांगते, की नाव ठरलं की आणखी एक नाव लिहा, आणि ते चूक आहे हे सिद्ध करा. माना हलवतात आणि वॉर्डात जाऊन तेच करतात.

मी मत लिहीन, पण कागद पाहिल्याशिवाय नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. केसपेपरच्या सगळ्या पानांची झेरॉक्स पाठवा. आणि तीन गोष्टी कळवा. मामी कुठल्या गोळ्या घेत होती का? शौचाला काळं होत होतं का, पोटात रक्त गेलं की होतं तसं? आणि भरती करताना हकिकत कोणी सांगितली, काय सांगितली?

मामीला नमस्कार. विश्रांती घ्यायला सांगा.

आपली,
मनस्विनी


आंबेवाडी
३ जून २००२

चि. मनस्विनीस,
आशीर्वाद.

सोबत झेरॉक्स आहेत. त्या मिळवायला मला चार हेलपाटे घालावे लागले. पहिल्यांदा म्हणाले, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा, कपाटाची चावी नाही. तिसऱ्यांदा एक पोरगी मला म्हणते, 'आजोबा, कशाला हवेत तुम्हाला कागद? पेशंट बरी आहे ना?' मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौथ्या खेपेला मुकाट्याने दिले.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. गोळ्या कसल्याही नाहीत. तुझी मामी आणि गोळी! डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावणारी बाई ती. शौचाचं म्हणशील तर तसलं काही नव्हतं, असतं तर मला कळलं असतं. हकिकत अर्थात मीच सांगितली, दुसरं कोण सांगणार? विचारलं तेवढं सांगितलं.

तक्रारीचा मसुदा करून ठेवलाय, सात पानी. चौथ्या परिच्छेदात तुझ्या मताला जागा सोडली आहे. तू लवकर लिही. इथे लोक मला शहाणपण शिकवायला लागलेत, की 'अण्णा, सोडून द्या, वाचली ना बाई.' वाचली म्हणून सोडून द्यायचं? मेली असती तर 'आता काय उपयोग' म्हणाले असते. मग माणसाने चिडायचं तरी कधी?

मामा


पुणे
१२ जून २००२

ती. मामांस,
सा. नमस्कार.

कागद वाचले. निंबाळकरांनी रक्त तपासायला पाठवलं नाही. बसल्यावर आणि उभं केल्यावर रक्तदाबात फरक पडतो का, ते पाहिलं नाही. शौचाचं विचारल्याची कुठेही नोंद नाही. मी इथे एकटीच खोलीत मोठ्यांदा ओरडले, शेजारच्या जोशीबाई डोकावून गेल्या. यातल्या प्रत्येक गोष्टीवर मी सही करायला तयार आहे.

पण पानांवर आकडे आहेत, एक, दोन आणि चार. तीन नाही. दुसऱ्या पानाच्या तळाला लिहिलंय, 'उलटीबाबत सिस्टरांची नोंद पुढे.' ती नोंद कुठाय? हॉस्पिटलने दाबली असेल तर तेही लिहू, खडसावून लिहू. त्यांच्याकडून निघाली नसेल, तर मामा, तुमच्या टेबलावर बघा.

मामीला नमस्कार. जेवण नीट जातंय ना तिला?

मनस्विनी


आंबेवाडी
१९ जुलै २००२

चि. मनस्विनीस,

महिनाभर उत्तर दिलं नाही. राग आला होता. 'तुमच्या टेबलावर बघा' म्हणजे काय? मी काय आरोपी आहे?

पान तीन सोबत जोडलंय. माझ्याचकडे होतं. सिस्टरने मराठीत लिहिलंय, तुला अक्षर लागायचं नाही म्हणून खाली उतरवून देतो.

'संध्याकाळी ६. पेशंटला वॉर्डात उलटी झाली. रंग तांबडा. यजमान सांगतात, दुपारी जेवणात आमसुलांचं सार होतं, त्याचा रंग आहे. डॉक्टरांना कळवलं. पेशंट काहीतरी पुटपुटते. यजमान सांगतात, ग्लानी आहे.'

झालं समाधान? हो, सांगितलं मी. कारण सार होतंच. एवढं मोठं पातेलंभर. दीपकच्या सासऱ्यांनी भुरके मारमारून प्यायलं, मी तीन वाट्या घेतल्या. त्या दिवशी माझ्या पोटातून जे काही निघालं असतं ते तांबडंच निघालं असतं. घरात केलेलं सार घरातल्या बाईने खाल्लं नाही, तर काय शेजारणीने खाल्लं? तो पोरगा घाटावरचा, त्याला आमसुलं ठाऊक नाहीत, ओकारीचा रंग बघून भलतंच घाबरेल म्हणून मी सांगितलं. चांगल्या बुद्धीने सांगितलं!

आणि काय गो, डॉक्टर तो की मी? उद्या मी सांगितलं असतं की हिला भूत लागलंय, तर त्याने काय अंगारा लावला असता? उलटी मोरीत ओतायच्या आधी त्याने बघायची, वास घ्यायचा, तपासायचं. तो आलाच नाही उलटी बघायला. सिस्टरने कळवलं, त्याने तिकडूनच मान हलवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पान बाजूला का ठेवलं म्हणून विचारशील. विरुद्ध बाजूचा वकील त्या पानावर नाचला असता म्हणून. बाकी काही नाही.

मामा


पुणे
२७ जुलै २००२

ती. मामांस,

रागवा हवं तर, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमचं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चूक निंबाळकरांची आहे. नातेवाईक काहीही सांगोत, तांबडी उलटी म्हटल्यावर खुर्चीतून उठायचं असतं. ते उठले नाहीत. यासाठी मी त्यांना माफ करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

पण मामा, तुम्ही कोर्टातले. साक्षीदार म्हणाला 'तिने सार खाल्लं', तर तुमचे जज्जसाहेब पहिला प्रश्न काय विचारत? 'तू पाहिलंस का?' तर मी विचारते. मामीला सार खाताना तुम्ही पाहिलंत का? तुम्ही सगळे पंगतीला होतात. तेव्हा मामी कुठे होती? ती जेवली कधी? किती वाजता? तुमच्या सात पानी मसुद्यात हे कुठेच नाही. जी गोष्ट तुम्हाला ठाऊकच नव्हती, ती तुम्ही ठासून सांगितलीत, आणि निंबाळकरांनी ती कागदावर चढवून घेतली. तुम्ही दोघांनी मिळून आजाराला नाव दिलंत आणि ती बाई खाटेवर रक्त ओकत होती.

आणि ती पुटपुटत होती ते काय? ग्लानी होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मामीला विचारा. ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिहून पाठवा. त्याशिवाय माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही.

मामीला नमस्कार.

मनस्विनी


आंबेवाडी
१८ ऑगस्ट २००२

चि. मनूस,
कुसुममामीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्या मामांनी ते दोनदा वाचलं, झोपाळ्यावर उघडंच ठेवलं, चष्मा त्यावर ठेवला आणि 'बाजारात जाऊन येतो' म्हणून निघून गेले. पाऊस मी म्हणत होता, बाजारात आणायचं काही नव्हतं. मी समजले. तोंडाने विचारायला जड गेलं त्यांना. मग मी ते पत्र वाचलं, आणि कपाटातली आधीची सगळी काढून वाचली.

मला सांगायचंय ते हे. मी सार खाल्लं नाही. खायला उरलंच नव्हतं. पंगतीतल्या सगळ्यांचे भुरके संपले, मुलांचं झालं, आणि मी आणि जनी बसलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. पातेलं जनीने घासायला घेतलं होतं. मी ताकभात खाल्ला, तोही चार घास. जनीला विचार, ती माझ्यासमोरच बसली होती. तिला तर कोणी साक्षीदार धरलाच नाही.

हॉस्पिटलात मी पुटपुटत नव्हते. मी सांगत होते. 'मी सार खाल्लं नाही, मी सार खाल्लं नाही' असं तीनदा सांगितलं. आवाज निघत नव्हता एवढंच. ती सिस्टर कान जवळ आणणार, एवढ्यात तुझे मामा म्हणाले, 'ग्लानीत आहे.' मग तिने तसं लिहिलं. मला तेव्हा अंगात त्राण असतं ना मनू, तर मी सलाइनची बाटली फोडली असती.

गोळ्या घेत होते. गुडघ्यांसाठी. फेब्रुवारीपासून, दिवसाला दोन, कधी तीन. जनी रत्नागिरीच्या दुकानातून आणायची. घरात सांगितलं असतं तर 'तेल लावून शेक घे' ऐकायला मिळालं असतं, आणि शेक घ्यायला मला वेळ कुणी द्यायचा? रिकाम्या पोटी घ्यायच्या नसतात, हे मला त्या दुसऱ्या हॉस्पिटलात कळलं. माझं पोट तीन वाजेपर्यंत रिकामंच असतं. लग्न झाल्यापासून. काळंही होत होतं, पंधरा दिवस. पण नवरा खाटेशी उभा, समोर दीपकपेक्षा लहान पोरगा, त्यांच्यादेखत मी असलं कसं बोलणार? त्यांना बाहेर काढून सिस्टरने विचारलं असतं तर सांगितलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं.

आता तुझ्याबद्दल. होय, तुझ्याबद्दलही! तू एवढी शिकलेली, मुलांना शिकवतेस. तीन पत्रं लिहिलीस. गोळ्या घेते का, शौचाला कसं होतं, सगळं विचारलंस, पण कुणाला? माझ्या पोटातलं माझ्या नवऱ्याला विचारलंस. मी भिंतीच्या पलीकडे पडलेली होते. मला काय, तर 'मामीला नमस्कार'. त्या निंबाळकराने केलं ते वेगळं काय केलं गो? तुझ्या मामांना तू झापलंस ते बरोबर, पण तुझ्याही लक्षात यायला जुलै उजाडला. आणि तेव्हाही तू मला विचारलं नाहीस, त्यांना म्हणालीस 'मामीला विचारा.'

वाईट वाटून घे थोडं. घ्यायलाच पाहिजेस.

परवा मी रत्नागिरीला जाऊन आले. एसटीने, जनीला घेऊन. मामांना सांगून गेले, विचारून नाही. निंबाळकर होते. पोरगा चेहऱ्याने वाईट नाही, डोळ्यांखाली काळं झालेलं, दोन दिवस झोपला नसावा. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि त्याने पहिला प्रश्न कुणाला विचारावा? जनीला! 'काय होतंय आजींना?' मी म्हटलं, 'आजींचं तोंड अजून शाबूत आहे.' मग सांगितलं मी कोण ते. उभाच राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, 'आजी, मी त्या दिवशी यायला हवं होतं.' मी म्हटलं, हवंच होतं. आणि रडायला लागलास तर मी उठून जाईन, मी सांत्वनाला आलेले नाही.

मी लिहून नेलं होतं. दीड पान. तुझ्या मामांच्या सात पानांत मी कुठेच नव्हते, 'फिर्यादीची पत्नी' एवढीच होते. माझ्या कागदावर तिघांची चूक लिहिली. त्याची पहिली, कारण ते त्याचं काम होतं. तुझ्या मामांची दुसरी. तिसरी माझी, गोळ्या लपवल्याची. आणि सांगितलं, केसपेपरच्या पहिल्या पानावर 'पेशंट स्वतः सांगतो' म्हणून जागा सोडा, ती भरल्याशिवाय 'यजमान सांगतात' लिहायचं नाही. बाईमाणूस असेल तर घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवायचं. आणि उलटी कोणी मोरीत ओतायची नाही, डॉक्टरने बघेपर्यंत. सिस्टर तिथेच उभी होती, तिने माझ्यासमोर पट्टीने रेघ मारून चार कोऱ्या पेपरांवर ती जागा केली. चारच झाले. बाकीचे करते म्हणाली.

करतात की नाही ते मी दिवाळीनंतर जाऊन बघणार आहे. केलं नसेल तर तक्रार जाईल. माझ्या सहीने. तुझं मत तयार ठेव, आणि त्यात मामीने काय सांगितलं ते आधी लिही.

मसुदा तुझ्या मामांनी फाडला नाही, पण वर माझा दीड पानी कागद टाचून ठेवलाय. काल मी आमसुलांचं सार केलं, आजारानंतर पहिल्यांदा. डॉक्टरांनी दोनच चमचे सांगितलेत. पानं घेतली, दोन, शेजारी शेजारी. ते वाटी पुढे करून बसले होते. मी त्यांना म्हटलं थांबा, आणि आधी माझ्या वाटीत वाढून घेतलं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, 'कसं झालंय?' पंचेचाळीस वर्षं हे मी त्यांना विचारत आले. मी एक चमचा तोंडात घेतला, सावकाश गिळला, आणि मग सांगितलं.

तुझी,
कुसुममामी

ता. क. यापुढे पत्र माझ्या नावावर टाक. 'द्वारा श्री. परशुराम' घालायची गरज नाही. पोस्टमन मला ओळखतो.